मार्व्हा टेस्डेलचं मत

हार्लो बेंड गावात दोनच माणसांच्या शब्दाला वजन आहे असं लोक म्हणायचे. एक डॉक्टर, आणि दुसरी मार्व्हा टेस्डेल, जी बेसबॉलच्या पोरांची घामट पायमोजी धुवायची. डॉक्टरांचं अधूनमधून चुकायचं. मार्व्हाचं चुकत नाही, असं मार्व्हा स्वतःच सांगायची, आणि सव्वीस वर्षांत तिला उलटून बोलायची कोणाची छाती झाली नव्हती.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जिभेला हाड नावाला नाही. तरुणपणी ती गावातल्या बटणांच्या कारखान्यात होती. नदीतले शिंपले काढायचे आणि त्यांची बटणं पाडायची, हाच गावाचा धंदा. मग प्लॅस्टिक आलं, कारखाना बसला, आणि त्याच हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्व्हिलही गेला. गावच्या फेरीमेन नावाच्या बेसबॉल संघाला तेव्हा कपडे धुवायला माणूस हवं होतं. मॅनेजर म्हणाला, "बाई, हे पुरुषाचं काम आहे. आत पोरं उघडीवाघडी फिरत असतात." मार्व्हा म्हणाली, "मी चार भावांत वाढलेय. लाज वाटायची तर त्यांना वाटू दे." दुसऱ्या दिवसापासून धुण्याची खोली तिच्या ताब्यात आली आणि पोरं आपोआप टॉवेल गुंडाळून फिरायला लागली.

फेरीमेन म्हणजे अगदी तळातला संघ. मोठ्या शहरातल्या मोठ्या संघानं हेरलेली कोवळी पोरं इथं पाठवायची, उन्हाळाभर खेळवायची, चांगली निघाली तर एकेक पायरी वर चढवायची आणि नाही निघाली तर घरचं तिकीट हातात द्यायचं. पंचवीसातली दोन वरपर्यंत पोचली तरी हार्लो बेंडनं वर्षभर मिशांना पीळ भरावा अशी तऱ्हा.

प्रत्येक पोराला नंबर लावलेला एक पट्टा असे. खेळ संपला की मोजी, बनियन त्यात ओवायचं आणि टोपलीत टाकायचं. मार्व्हा टोपली उपडी करायची आणि माणसं वाचायची. कोण मोजी सरळ करून ओवतो, कोण चिखलाचा बोळा तसाच फेकतो, कोण तुटलेलं बटण खिशात जपून ठेवतो आणि कोण "बाई बघेल की" म्हणून सोडून देतो. शितावरून भाताची परीक्षा, असा तिचा कारभार. आणि निकाल एका वाक्यात. दुसरं वाक्य लागलं तर पहिलं कच्चं होतं, असं तिचं ठाम मत.

हे मत ऐकायला एक माणूस खास यायचा. रॉस टिलॉटसन. मोठ्या संघाच्या सगळ्या खालच्या संघांचा कारभार त्याच्या हातात. कोण वर जाणार, कोण घरी जाणार, हे त्याच्या छोट्या कार्डांवर ठरायचं. दर पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी त्याचा फोन, आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तो स्वतः हजर. धुण्याच्या खोलीत बादली उपडी घालून बसायचा, मार्व्हाच्या हातचा बनाना ब्रेड खायचा आणि विचारायचा, "काय मग, माझी पोरं कशी आहेत?" पोरं चेंडू किती मारतात ते त्याच्या वहीत असायचंच. त्याला हवा असायचा स्वभाव. एकदा एका पिचरबद्दल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याबद्दल, ती एवढंच म्हणाली, "हरल्या दिवशीसुद्धा हा स्वतःचा टॉवेल उचलतो." तो पिचर पुढं अकरा वर्षं वर खेळला. दुसऱ्या एकाबद्दल म्हणाली, "याचे बूट दुसऱ्यांना पुसावे लागतात." तो त्याच महिन्यात घरी गेला. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण मार्व्हानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

आता सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. त्या मे महिन्यात किप लॅनिगन आला, आणि गावाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

किप म्हणजे बेसबॉलचा गाजलेला खेळाडू बड लॅनिगन, त्याचा पोरगा. बड लॅनिगनचं चित्र ज्या घरातल्या भिंतीवर नाही ते घर हार्लो बेंडमध्ये सापडलं नसतं. त्याचा मुलगा, वीस वर्षांचा, बापासारखाच चौकोनी जबडा, आणि वरच्यांनी त्याच्यावर पंधरा लाख डॉलर ओतलेले. पहिल्या दिवशी मैदानाबाहेर मोटारींची रांग पुलापर्यंत गेली. पेपरानं लिहिलं, खाण तशी माती. पोरानं अजून एक चेंडू मारला नव्हता.

त्याच संघात डर्विन पोटीट नावाचा एक गडी होता. ओक्लाहोमाचा, चोवीस वर्षांचा. त्या वयाला तळातल्या संघात असणं म्हणजे बस निघून चालल्यासारखं. वरच्यांनी त्याला निवडलं होतं ते अडतिसाव्या फेरीत, म्हणजे सगळे दमून घरी जायला उठले तेव्हा. ठेंगणा, कानांनी मोठा, बोलायला कमी. शॉर्टस्टॉपच्या जागेवर, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट चेंडू येतात तिथं, तो गेली दोन वर्षं उभा होता. आता तिथं किप उभा राहिला, आणि डर्विनला मिळेल तिथं उभं करायला लागले. आज इकडं, उद्या तिकडं, परवा बाकावर.

आणि खेळाचं म्हणाल तर ऐका. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट घेऊन तीनदा नीट मारलं की त्याला डोक्यावर घेतात. डर्विन तेवढं मारत होता. किपचं दहात दोनवर अडलं होतं. तरी किप रोज खेळायचा आणि डर्विन दिवसाआड. का, ते कोणी विचारत नव्हतं. तिकिटावर नाव कोणाचं होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

पण किपची चैन होती असं समजू नका. लोक पैसे देऊन यायचे ते बड लॅनिगन बघायला, आणि दिसायचं हे पोर. चेंडू हातातून सुटला की तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडणारच, "अरे, बापाला बोलाव, बापाला!" डर्विनच्या हातून चेंडू सुटला तर लोक शेंगदाण्याची पिशवी फोडत बसायचे. किपची चूक दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक, फोटोसकट. पत्रकार दारात उभे असायचे म्हणून तो खेळ संपला की धुण्याच्या खोलीत दडी मारायचा, दोन ड्रायरच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन.

"मिसेस टी, इथं बसलो तर चालेल?"

"बस. पण घाणेरड्या पँटनं टॉवेलांवर बसलास तर कान उपटीन. मग तुझा बाप कोण का असेना."

तो हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच कोणी बापाला किंमत न देता त्याच्यावर ओरडत होतं. मार्व्हानं त्याला बनाना ब्रेड दिला. खरं सांगायचं तर ती खूश होती. ऑर्व्हिल बड लॅनिगनसाठी जीव टाकायचा. आज त्याचा पोरगा आपल्या हातचं खातो, म्हणजे काय! किपची मोजी चिखलाचा बोळा असायची, कधी सरळ केलेली नसायची. दुसऱ्या कोणाची असती तर तिनं पट्टा परत कपाटात फेकला असता. याची ती गुपचूप सरळ करायची. पोरगं त्रासात आहे, म्हणायची.

जूनच्या शेवटी एक प्रकार झाला. सामन्यात डर्विननं दोन चेंडू छान मारले होते, तिसऱ्यांदा त्याचीच पाळी, आणि मॅनेजरनं त्याला बसवून दुसऱ्याला पाठवलं. वरून कोणीतरी साहेब त्या दुसऱ्याला बघायला आला होता म्हणे. डर्विन बॅट घेऊन वळला. डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, मागच्या बोळात गेला आणि तिथलं पाण्याचं नारिंगी पिंप बॅटनं हाणलं. एकच तडाखा. पिंप तडकलं, तोटी उडाली, आणि पाणी वाहत वाहत मार्व्हाच्या दारापर्यंत आलं, तिथं ठेवलेल्या धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीखाली.

मार्व्हाचं डोकं सणकलं. बारा शर्ट परत धुवावे लागले. सोमवारी रॉसचा फोन आला. "पोटीट कसा वाटतो?" बाई अजून धुमसतच होती. म्हणाली, "तापट आहे. सामान फोडतो." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पलीकडं रॉस पेन्सिलीनं लिहून घेत होता, त्याची खरखर तिला ऐकू आली.

एक गोष्ट ती त्या दिवशी बोलली नाही. प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती सातला खोली उघडायला आली तर डर्विन आधीच बोळात होता. फरशी पुसून कोरडी केलेली, आणि तो मांडी घालून बसून पिंपाच्या चिरेवर गळती बुजवायचा लेप लावत होता. स्वतःच आणलेला.

"मॅम, ते शर्ट माझ्यामुळं भिजले. मी धुतो."

"माझ्या मशीनला हात लावलास तर हात मोडीन," ती म्हणाली. तो "बरं मॅम" म्हणाला आणि लेप लावत राहिला. रॉसनं सकाळचं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एका वाक्यात ते बसत नव्हतं.

जुलैत लागोपाठ चार दिवस किपला एकही चेंडू लागला नाही. पाचव्या दिवशी चारशे माणसं एका सुरात "बाऽपाऽला बोलाव" म्हणायला लागली. किप डगआउटमधून आत आला आणि त्यानं तेच पिंप, डर्विननं सांधलेलं, बॅटनं चार वेळा हाणलं. या वेळी त्याचे तुकडेच झाले. पाणी पुन्हा मार्व्हाच्या दारात. ती पोछा घेऊन बाहेर आली, स्वतः वाकून सगळं पुसलं, वर किपला म्हणाली, "असू दे रे राजा, तू जाऊन आंघोळ कर." तो गेला. सोमवारी रॉसनं विचारलं तेव्हा म्हणाली, "पोराच्या पोटात आग आहे. हरणं सोसत नाही त्याला." पेन्सिल पुन्हा खरखरली.

ऑगस्टचा पहिला शनिवार. सकाळी नऊला रॉस आला, बादली उपडी घातली, बनाना ब्रेडचा मोठा तुकडा तोडला. मार्व्हा टॉवेलांच्या घड्या घालत होती. रॉसची एक लकब होती. शेवटी तो कार्डं तिला वाचून दाखवायचा, तिला बरं वाटावं म्हणून. "तुझंच आहे बघ सगळं, अक्षर तेवढं माझं."

तो वाचत गेला. ती मान डोलवत गेली.

"पोटीट. तापट, सामान फोडतो." कार्ड मागं टाकलं. "लॅनिगन. पोटात आग, हरणं सोसत नाही."

मार्व्हाचा हात टॉवेलावर थांबला.

"परत वाच."

"काय?"

"ती दोन. परत वाच."

त्यानं वाचली. मार्व्हा खुर्चीवर बसली. सकाळी कामाच्या वेळी ती कधी बसत नसे.

"रॉस, दोघांनी एकच केलं."

"म्हणजे?"

"पिंप फोडलं. दोघांनी. तेच पिंप. एकानं जूनमध्ये, एकानं जुलैत."

"ठाऊक आहे की. नवं पिंप मीच पाठवलं ना."

"मग एकाला आग आणि एकाला तापट असं का लिहिलंस?"

रॉसनं तोंडातला घास गिळला. "मी कुठं लिहिलं? तू सांगितलंस. मी उतरवून घेतलं."

मार्व्हानं टॉवेलाची एकच घडी तीनदा मोडली आणि तीनदा घातली. गावात कोणी बघितलं असतं तर डॉक्टरांना बोलावलं असतं. मग ती म्हणाली, "खोड ते. पोटीटचं खोड. मी सांगते ते लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन त्यानं फरशी पुसली, पिंप सांधलं. किपचं मी पुसलं, माझ्या हातानं. लिही."

"मार्व्हा," रॉस म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला, म्हणजे बातमी वाईटच. "सोमवारी सोडतायत त्याला. वरती ठरून गेलंय."

"माझ्या बोलण्यावरून?"

"तुझ्यावरून नाही गं. जागा एकच आहे, माणसं दोन. किपला ठेवायला कारण लागत नाही, पंधरा लाखांचं कारण आहे. पण डर्विनला काढायला कागदावर काहीतरी दाखवायला लागतं. तो मारतो चांगला, पळतो चांगला, आम्ही शोधशोध शोधलं. तर हे सापडलं."

"म्हणजे सव्वीस वर्षं तू मला विचारायला येतोस ते यासाठी?"

रॉस वाईट माणूस नव्हता. खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, "कधीकधी खरंच विचारायला येतो. ज्याचं नाव नाही त्याच्याबद्दल तुझं मत चालतं. ज्याचं नाव आहे त्याच्याबद्दल तू काही म्हणालीस तरी चालतं."

मार्व्हानं त्याच्या मांडीवरची बनाना ब्रेडची बशी उचलली आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. "ऊठ," ती म्हणाली. "मला बादली हवीय."

तो गेल्यावर ती मशीन सुरू करून तशीच उभी राहिली. तिला किपचा राग आला नाही. रॉसचाही फारसा आला नाही. साहेबलोक असेच असतात, त्यात नवल काय? तिला स्वतःचा राग आला, आणि तो फार वाईट राग असतो, कारण तो ओरडून कमी होत नाही. मोठ्या नावाच्या पोराची चिखलाची मोजी आपण गुपचूप सरळ करत बसलो, आणि बिननावाच्या पोराचं एक पिंप आपल्याला दिसलं. पेपरवाल्यांना आपण हसत होतो. आपण काय वेगळं केलं? मूग गिळून बसली असती तर कोणाला कळणार नव्हतं. डर्विन घरी गेला असता, बापाच्या गोठ्यात कामाला लागला असता, आणि मार्व्हाचं चुकत नाही हे गावात कायम राहिलं असतं. क्षणभर तिला तो विचार शिवला, नाही कशाला म्हणा. मग तिनं मशीन बंद केलं आणि भिंतीवरचा फोन उचलला.

आता हे बाहेरच्यांना माहीत नसतं, पण धुणाऱ्यांचं आपलं एक गोत असतं. कोणाचा बूट कुठल्या गावी राहिला, कोणाच्या शर्टाचं माप बदललं, यावरून हे लोक रोज एकमेकांना फोन लावतात आणि बुटांबरोबर माणसांचंही बोलतात. ऐंशी मैलांवर ओकुस्का नावाचं गाव आहे. तिथला संघ कोणा मोठ्याच्या हाताखालचा नव्हता. तिथला मॅनेजर स्वतः माणसं निवडायचा. त्यांच्या शॉर्टस्टॉपचं मनगट बुधवारी मोडलं होतं. आणि त्यांची मोजी धुवायचा लेस्टर व्रबा, मार्व्हाचा पंधरा वर्षांचा फोनमित्र.

"कोण मेलं?" लेस्टर म्हणाला. "शनिवारी कधी फोन करत नाहीस म्हातारे."

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी. तुमच्या त्या मनगटवाल्याच्या जागी कोणी मिळालं?"

"काल एक जण येऊन खेळून दाखवून गेला. चेंडू आला की डोळे मिटतो."

"माझ्याकडे एक आहे. सोमवारी मोकळा होतोय."

"मारतो कसा?"

"दहात तीन."

लेस्टरनं शीळ घातली. "आणि तुमचे शहाणे सोडतायत? काहीतरी खोट असेल बाई. मॅनेजर आज मासे मारायला गेलाय, सोमवारी विचारतो त्याला. पण तो एकच गोष्ट विचारेल, माणूस स्वभावानं कसा आहे. काय सांगू त्याला?"

मार्व्हानं तोंड उघडलं, आणि नेहमीचं एक वाक्य जिभेवर येईना. "सोमवारी सांगते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दहाला मॅनेजरनं डर्विनला आपल्या खोलीत बोलावलं. चार मिनिटं लागली. बाहेर येऊन तो सरळ कपाटापाशी गेला, कपाट रिकामं केलं आणि नंबराचा पट्टा परत द्यायला मार्व्हाच्या दारात आला. पट्टा धुतलेला होता. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"मॅम, हे तुमचं."

"आत ये. दार लाव." मार्व्हा टॉवेल सोडून उभी राहिली. जन्मात जे केलं नव्हतं ते करायचं होतं, म्हणून तिनं कंबरेवर हात ठेवले. "तुला काढलं त्या कागदावर काय लिहिलंय माहीत आहे?"

"तापट आहे म्हणाले. मी पिंप फोडलं ते."

"ते मी सांगितलं. फोनवर. माझे शब्द आहेत ते. किपनं तेच पिंप फोडलं तर त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं. रॉसच्या कार्डावर तेही मीच घातलं, आणि त्याला ठेवायला तर कारणसुद्धा लागलं नाही."

डर्विननं पिशवी खाली ठेवली. मशीनमध्ये कोणाचं तरी नाणं राहिलं होतं, ते खडखडत होतं. मार्व्हाला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोललाच पाहिजे. तिनं मान खाली घातली नाही.

"खोटं नव्हतं ते," तो म्हणाला. "फोडलं मी."

"अर्धं होतं. अर्धं खोट्यापेक्षा वाईट. ओरड माझ्यावर. मी ऐकून घेईन."

तो जरा हसला, मोठ्या कानांपर्यंत. "आईनं मारलं असतं मला, मॅम." मग पिशवी खांद्यावर टाकली, दाराकडं वळला आणि थांबला. "एक विचारू? किपला हे सांगणार आहात?"

"काय?"

"कार्डाचं. त्याच्याबद्दल तुम्ही काय सांगितलं ते. त्याला ठेवायला काही कारण लागलं नाही ते."

"सांगायलाच हवं त्याला. डोळे उघडतील."

"नका सांगू, मॅम." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "तो रोज सकाळी माझ्याबरोबर शंभर चेंडू अडवायला येतो. कोणी नसतं तेव्हा. मी शिकवतो त्याला, पाय कुठं ठेवायचे वगैरे. त्याला वाटतंय की खेळून टिकलोय. बापाचं असं काही नाही म्हणतो. तेवढं एकच आहे त्याच्याकडे. ते घेतलंत तर तो कधीच मारणार नाही."

मार्व्हा बघत राहिली. अडतिसाव्या फेरीतलं पोर, नोकरी गेलेली, आणि ज्याच्यापायी गेली त्याचीच काळजी करत दारात उभं. तिला सव्वीस वर्षांत उपड्या केलेल्या सगळ्या टोपल्यांची लाज वाटली. तिनं त्याचा खांदा धरला आणि त्याला ओढून ड्रायरजवळच्या स्टुलावर बसवलं.

"नाही सांगत त्याला. आणि कुठं जायचं नाही. बस इथं."

"मॅम, दुपारी ओक्लाहोमाची गाडी आहे."

"चुकू दे."

तिनं कपाटाचं कुलूप काढलं, होता तेवढा बनाना ब्रेड त्याच्या हातात दिला आणि फोन फिरवला. पलीकडं लेस्टरच होता.

"मी आता तुलाच लावणार होतो," तो म्हणाला. "आमचा मॅनेजरसाहेब इथंच उभा आहे माझ्या शेजारी. खेळाचं ऐकलं म्हणतो, पण तुमच्या लोकांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले म्हणे की माणूस तापट आहे. तो विचारतोय, मार्व्हा टेस्डेल काय म्हणते?"

"मार्व्हा टेस्डेलनंच सांगितलं होतं ते," ती म्हणाली. "आणि मार्व्हा टेस्डेल चुकली. हे त्याला मोठ्यानं सांग."

पलीकडं लेस्टरनं साहेबाला ते सांगितलेलं ऐकू आलं, आणि साहेब मोठ्यानं हसला.

"साहेब म्हणतो, हे ऐकायला तो शंभर मैल चालत आला असता," लेस्टर म्हणाला. "बरं, मग कसा आहे माणूस? एका वाक्यात सांग, तुझ्या पद्धतीनं."

"एका वाक्यात होत नाही. साहेबाला फोन दे आणि खुर्ची पण दे. तो आता माझं सगळं ऐकून घेणार आहे, पिंप फोडल्यापासून."

तिनं सगळं सांगितलं. फोडलेलं पिंप, भिजलेले बारा शर्ट, सकाळी सातचा लेप, दोन कार्डं, तिचे शब्द, दिवसाआड बाकावर बसणं, आणि रोजचे ते शंभर चेंडू, ज्याच्या पायी नोकरी गेली त्यालाच शिकवलेले. पाच मिनिटांपूर्वी दारात काय बोलला तेही. डर्विन स्टुलावर बसून कान लाल करून ब्रेड खात होता. सांगता सांगता तिचा आवाज एकदा फुटला, तर तिनं फोनवरच स्वतःला शिवी घातली आणि पुढं बोलली.

ती थांबली तेव्हा पलीकडून पहिल्यांदाच मॅनेजरचा आवाज आला.

"बाई, त्याला दुपारी साडेतीनच्या बसमध्ये बसवा. बुटांचं माप काय त्याचं?"

"नऊ," मार्व्हा म्हणाली, आणि मोजी शोधायला वळली.